शब्द टांगलेली रोपं

सून काम करता करता पुटपुटते, हे कलमवालीच्या लक्षात आलं होतं. पहिले दोन दिवस तिने ते पोटातच ठेवलं. तिसऱ्या दिवशी मात्र तिला राहवेना. दोघी शेजारशेजारच्या दोन ओळींत उकिडव्या बसल्या होत्या, ऊन मानेवर आलं होतं, आणि सुनेचे ओठ काही थांबायला तयार नव्हते.

"शिव्या देतेस का मला?" कलमवालीने हातातलं काम न थांबवता विचारलं.

"अगंबाई! नाही हो आई."

"मग कुणाला देतेस?"

"कुणालाच नाही. शब्द पाठ करतेय. इंग्रजीचे."

"आत्ताचा कुठला होता?"

सून जरा घुटमळली. "ऑब्स्टिनेट."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... हट्टी. दुराग्रही."

"म्हणजे मलाच की," कलमवाली म्हणाली आणि पुढच्या खुंटाला चाकू लावला.

सून खुदकन हसली. हसण्यात तिच्या हातातला कलमाचा डोळा, काडीवरून काढलेला कोंब, मातीत पडला. मातीत पडलेला डोळा पुन्हा वापरत नाहीत. कलमवालीने तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि सून परत गप्प झाली. ओठ मात्र हलतच राहिले.

रोपवाटिका नदीच्या चढावर होती. संत्र्याची कलमं हा तिथला मुख्य धंदा. रानटी लिंबाचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की तो खुंट. त्याच्या सालीवर एक आडवी आणि एक उभी चीर द्यायची, साल अलगद उचलायची, चांगल्या झाडाच्या काडीवरून काढलेला डोळा आत सरकवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने खालून वर गुंडाळत आणून डोळ्याचं टोक तेवढं उघडं ठेवायचं. सांगायला दोन वाक्यं लागतात, शिकायला दोन वर्षं. कलमवालीच्या हाताची शंभरातली पंचाण्णव कलमं जगायची. त्यामुळे मालकही तिच्याशी बोलताना आवाज थोडा खाली ठेवायचा. पण गेल्या हिवाळ्यापासून सकाळी उठल्यावर तिची बोटं उघडायची नाहीत. कोमट पाण्यात हात धरून बसावं लागे, आणि उजव्या अंगठ्यावरची भेग तर भरायचं नावच घेत नव्हती. ही गोष्ट घरातल्या चौघांनाच ठाऊक होती.

घर म्हणजे पंपाच्या खोलीला चिकटलेल्या दोन खोल्या. तिचा नवरा रोपांना पाणी घालायचा. सगळे त्याला म्हातारबाबा म्हणत. आठवड्यात तो मोजून दहा वाक्यं बोलत असेल. मुलगा मालकाच्या ट्रकवर होता, रोपं पोचवायला गेला की दोन-दोन, तीन-तीन दिवस यायचा नाही. आणि ही सून. शिकलेली होती, पण लग्नानंतर शिक्षण ट्रंकेत गेलं आणि हातात चाकू आला. आता मास्तरणीच्या भरतीची परीक्षा होती. गेल्या वर्षी सगळे पेपर सुटले आणि इंग्रजीत चार मार्कांनी ती नापास झाली. अवघड शब्दांचा भाग असतो, त्यात गेली. यंदा पुन्हा अर्ज भरला होता. पुढच्या वर्षी वय उलटणार, म्हणजे हीच शेवटची.

पास झाली तर शाळेच्या मागे दोन खोल्यांचं घर मिळणार होतं. सुनेने एकदा भाकऱ्या थापताना सहज म्हटलं होतं, "पास झाले तर तुम्ही दोघं माझ्याबरोबर चलायचं. तुमचे हात आता पुरे झाले, आई."

"बघू," असं कलमवाली तोंडाने म्हणाली. मनाने मात्र ती त्याच दुपारी तिथे राहायला गेली. खाट कुठे टाकायची, पाण्याचं भांडं कुठे ठेवायचं, हे सगळं तिने ठरवून टाकलं. खिडकी शाळेच्या बाजूला असणार, हे तिने स्वतःच ठरवलं होतं, कुणी तसं सांगितलं नव्हतं. त्या खिडकीशी बसून ती वर्गातला आवाज ऐकणार होती. तिची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती आणि ती का सुटली हे आता तिलाही नीट आठवत नव्हतं. दुपारच्या वेळी, नदीवरून कढत वारा यायचा आणि समोरच्या रांगा पाण्यात बघितल्यासारख्या हलायच्या, तेव्हा ती हातांनी कलमं बांधायची आणि डोळ्यांनी ती खिडकी बघायची. असं बघताना एकही कलम चुकायचं नाही, हे विशेष.

त्या वर्षी नदी मात्र फार लवकर आटली. पंप तासभर चालायचा आणि मग चिखल ओढायला लागायचा. गेल्या साली बांधलेली, विकायला तयार झालेली रोपं पिशव्यांमधून उभी होती. ती आता पत्र्याच्या डब्याने, हातानेच जगवायची होती. मालकाने रांगा वाटून दिल्या. सुनेच्या वाट्याला बारा रांगा आल्या, रांगेत पंचवीस रोपं. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, आणि मधल्या वेळात कलमं.

"मालक, महिन्याभरावर परीक्षा आहे हो तिची," कलमवालीने त्याला वाटेत गाठून सांगितलं.

"परीक्षा तुमची, रोपं माझी," मालक म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याचीही झोप उडाली होती. "पेपरापुरती सुट्टी देतो. जायला-यायला धरून. त्याच्यावर मागू नका."

त्या संध्याकाळी कलमवालीने सुनेची वही मागून घेतली आणि चुलीपुढे बसून तिची उजळणी घ्यायला लागली. इंग्रजी अक्षरं तिला येत नव्हती, पण शेजारी मराठी लिहिलेलं होतं.

"एफेमरल," सून म्हणाली. "क्षणभंगुर."

"डॉर्मंट. सुप्तावस्थेतील," ती पुढे म्हणत गेली.

"टॅसिटर्न. मितभाषी."

कलमवालीने वही मांडीवर पालथी घातली. "हे तरी मराठी आहे का गं? सुप्तावस्थेतील म्हणजे काय?"

"म्हणजे... सुप्त अवस्थेत असलेलं."

"ते कळलं. म्हणजे काय?"

सुनेला खरंच सांगता येईना. एका कुलपाला दुसरं कुलूप लावून ठेवावं तशी ती सगळी वही होती. गेल्या वर्षी पेपरात शब्द देऊन वाक्यं करायला सांगितली होती, आणि तिला शब्दांचे अर्थ लिहिता आले होते, वाक्यं येईनात. ते चार मार्क तिथेच गेले होते.

"आपण डोळकाडी कधी तोडतो?" कलमवालीने विचारलं.

"डोळा फुगायच्या आधी."

"तेव्हा तो मेलेला असतो का?"

"नाही. झोपलेला असतो."

"मग झालं तर. झोपलेला डोळा. आत जीव आहे, पण अजून कुणी हाक मारली नाही. हे लिही."

सुनेने लिहिलं. मग टॅसिटर्न आला. कलमवालीने दाराशी बसलेल्या म्हातारबाबाकडे बोट दाखवलं. सुनेने तेही लिहून टाकलं. म्हातारबाबाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि पुन्हा बाहेर बघायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून वहीचं काम रांगांमध्ये गेलं. ही युक्ती कलमवालीची. प्रत्येक रोपाला पांढऱ्या प्लॅस्टिकची एक पट्टी बांधलेली असते. तिच्यावर जात आणि तारीख. पाठीमागची बाजू कोरी. "पाणी घालायला तू तशीही प्रत्येक रोपापुढे थांबतेस," ती म्हणाली, "मग नुसती कशाला थांबतेस? वाच की." सुनेने कोऱ्या बाजूवर एकेक शब्द लिहिला, आणि लिहिला तो देवनागरीत, सासूलाही वाचता यावा म्हणून. स्पेलिंगं वहीत राहिली. जे शब्द डोक्यात राहायला नकार देत होते ते हौदाजवळ टांगले, कारण तिथे डबा भरायला दहादा जावं लागे. गुळगुळीत, सोपे वाटणारे कडेला गेले. कलमवाली छपराखाली बसून कलमं बांधायची आणि सुनेचा आवाज रांगेतून जायचा. डब्यातून पाणी पडायचं, शब्द उच्चारला जायचा, मग अर्थ, मग एक वाक्य. वाक्य जमलं नाही तर छपराखालून आवाज यायचा.

"रिलक्टंट!"

"नाखूश. अनिच्छुक..."

"अनिच्छुक गेलं चुलीत. तुझा नवरा सोमवारी पहाटे ट्रकवर कसा चढतो?"

"पाय ओढत!" सून ओरडायची, आणि पुढच्या रोपाला पाणी घालायची.

आठ-दहा दिवसांत रोपांना स्वभाव आले. मेलँकली, म्हणजे उदास, नावाचं रोप तिसऱ्या रांगेत कडेला होतं, त्याची पानं दुपारी आपोआप खाली मान घालायची. रेझिलियंटवरून एकदा मालकाची सायकल गेली आणि चार दिवसांत त्याला नवं पान आलं. सेरेनच्या पिशवीत मुंग्यांनी वारूळ केलं होतं, तरी ते आपलं शांत. कलमवालीला आता रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या सगळ्या रांगा दिसायच्या. वाऱ्यावर पट्ट्या हलताहेत, आणि जणू त्या जागेत पहिल्यापासून हेच उगवतंय. तिला वाटायचं, आपण इतकी वर्षं जे जे अंगाने भोगलं त्या प्रत्येकाला कुठेतरी, कुणीतरी, नाव देऊन ठेवलं होतं, आणि आपल्याला कुणी कळवलंच नाही. सॉलिट्यूड शब्द ऐकला त्या दिवशी तिने बराच वेळ चाकू खाली ठेवला होता. एकटं असणं, पण दुःख न होणारं. दुपारचं छपराखाली बसणं. त्याला शब्द होता तर.

म्हातारबाबा एका संध्याकाळी हात धुता धुता म्हणाला, "ते ग्लटन आज दोन डबे प्यालं. तरी कोरडंच."

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या आठवड्यातलं ते त्याचं सगळ्यात लांब बोलणं होतं.

तीनशे शब्द तीन आठवड्यांत झाले. यादी सहाशेची होती. पट्ट्या संपल्या, आणि नव्या पट्ट्या मालकाकडे मागायची सोय नव्हती. कलमवालीने मग रॉकेलमध्ये बोळा भिजवला आणि पट्ट्यांच्या पुढच्या बाजूवरची जात आणि तारीख पुसायला सुरुवात केली.

"आई, जात पुसताय?" सून दचकली.

"सहा रांगा लवकरच्या, सहा उशिराच्या. मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे. रांग काय उठून पळून जाते?"

या एका वाक्यापायी पुढचं सगळं घडलं. संत्र्याच्या त्या दोन जाती रोपात असताना ओळखू येत नाहीत. पान तेच, काटा तोच, चुरगाळलं तर वासही तोच. एकीला फळ लवकर येतं, दुसरीला तीन महिने उशिरा, आणि हे कळायला तीन वर्षं जावी लागतात. म्हणून तर पट्टी. पण कलमवालीला पट्टीची गरज कधी पडलीच नव्हती, ती सगळं डोक्यात ठेवायची. इतकी वर्षं न चुकल्यामुळे चूक कशी असते हेच ती विसरली होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सून सकाळच्या बसने निघाली. पेपर दूरच्या शहरात होता, रात्री तिच्या मावशीकडे उतरायचं होतं. कलमवाली तिला फाट्यापर्यंत सोडून तशीच डोळकाड्या तोडायला मोठ्या झाडांच्या बागेत गेली. दुपारी ती परत आली तेव्हा छपरासमोरचा भाग मोकळा दिसत होता. तिला आधी वाटलं, उन्हाने डोळ्यांपुढे पांढरं आलं. मग दिसलं की बाराच्या बारा रांगा गेल्या होत्या. जमिनीवर पिशव्यांचे ओले गोल तेवढे उरले होते.

"एका बड्या बागवाल्यांची मागणी अचानक आली," मालक खुशीत होता. "दीडशे लवकरची, दीडशे उशिराची. तुझ्याच पोराने गाडी भरली. पाण्याची कटकट गेली एकदाची."

"वेगळी वेगळी भरली का?"

"पट्ट्या आहेत की त्यांना."

कलमवालीने मालकाला तिथेच, त्याच घटकेला सगळं सांगितलं. तिने काही वगळलं नाही. मालक आधी रागावला नाही, त्याला कळलंच नव्हतं. कळलं तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि बागवाल्यांचा माणूस निरोप घेऊन दारात उभा होता. बागवाल्यांनी उतरवलेल्या पहिल्याच रोपावरची पट्टी वाचली होती. तिच्यावर ग्लटन लिहिलेलं होतं. बागवाले अंगाने चांगलेच भरलेले होते आणि त्यांच्या कारकुनाला इंग्रजी येत होतं. त्याने अर्थ सांगितला, खादाड.

"उद्या सकाळी तू आणि तुझी सून तिथे जा," मालक म्हणाला. "सगळी रोपं निवडून द्या. नाहीतर परवापासून चौघांनीही येऊ नका."

"मी जाते. तिचा उद्या पेपर आहे."

"मला दोघी पाहिजेत."

"पट्ट्या मी पुसल्यात," कलमवाली म्हणाली. "ती पेपर देईल. मी एकटी जाते."

मालक पाय आपटत निघून गेला. ते हो म्हटल्यासारखंच होतं.

सकाळी मुलाने तिला ट्रकमधून नेलं. वाटेत तो म्हणाला, "मी विचारायला पाहिजे होतं." बागेत तीनशे रोपं एका मोठ्या झाडाखाली दाटीवाटीने उभी होती. एका बाजूला चाळीसेक रोपांवर पट्ट्याच नव्हत्या. ग्लटन वाचून बागवाल्यांचा पारा चढला होता आणि त्यांनी गड्यांना हुकूम सोडला होता, काढून टाका ही भानगड. कारकुनाने थांबवेपर्यंत चाळीस पट्ट्या तोडून झाल्या होत्या. कुठल्या रोपाची कुठली, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

बागवाले खुर्ची टाकून बसले होते. "कशी निवडणार तुम्ही? पानावरून?"

"पानावरून नाही कळत."

"मग?"

"तुम्ही पट्टी वाचा. मी सांगते."

कारकुनाने बागवाल्यांकडे पाहिलं, मग खांदे उडवले आणि पहिली पट्टी हातात धरली. "मेलँकली."

कलमवालीने डोळे मिटले. छपरापासून ती निघाली. हौद, पहिली रांग, दुसरी रांग. सून डबा घेऊन पुढे चालली होती, तिच्या पायात मुलाच्या जुन्या चपला होत्या, त्यांचा फटफट आवाज येत होता. तिसऱ्या रांगेच्या कडेला ती थांबली.

"तिसरी रांग. कडेचं. लवकरची."

"व्होरेशिअस."

"ग्लटनच्या शेजारी. दोघं खादाड एकत्र ठेवले होते. नववी रांग, उशिराची."

"अँबिग्युअस."

"हे दुहेरी अर्थाचं, हौदाजवळ. राहतच नव्हतं तिच्या डोक्यात. पहिली रांग."

ज्या पट्टीवरचा एक शब्द आठवेना तिची दुसरी बाजू ती वाचायला सांगायची. गडी डावीउजवीकडे रोपं नेऊन ठेवत होते. वीसेक झाल्यावर बागवाल्यांनी कारकुनाच्या कानात काहीतरी सांगितलं. कारकुनाने डावीकडे नेऊन ठेवलेल्यातलीच एक पट्टी पुन्हा वाचली, जणू नवीच आहे. कलमवालीने डोळे न उघडता तीच रांग सांगितली आणि वर म्हणाली, "हे झालंय मघाशी." बागवाले खुर्चीत जरा सावरून बसले. थोड्या वेळाने ते अर्थ विचारायला लागले. आधी परीक्षा बघितल्यासारखे, मग खरंच कळून घ्यायचं म्हणून.

"ही बेनेव्होलंट कोण?"

"दुसऱ्याचं भलं झालं की जिला जेवल्यासारखं वाटतं, ती."

"आणि मीगर?"

"तुटपुंजं. पाहुणे आल्यावर घरात असतं तेवढं."

बागवाले हसले. त्यांचं सगळं अंग हसलं. "शिकलात कुठे हे?"

"सुनेला पाणी घालताना ऐकलं."

मध्येच तिने डोळे उघडून वर पाहिलं. ऊन झाडाच्या शेंड्यावर आलं होतं. आता पेपर हातात पडला असेल, असं तिच्या मनात आलं, आणि क्षणभर तिला कळेना की आपण कुठे बसलोय. शब्द इथे वाचले जात होते की तिथे? तिला वाटलं, आपण सांगतोय ती एकेक रांग इथून सरळ सुनेच्या कानात जातेय. घशाला कोरड पडली होती तरी तिने पाणी मागितलं नाही. पाणी प्यायला थांबलो तर सून तिथे अडेल, अशी वेडी भीती तिला वाटली.

दोनशे साठ रोपं निवडून झाली तेव्हा दुपार कलली होती. उरली ती चाळीस.

कलमवाली त्यांच्यामधून हिंडली. एकेकाचं पान हातात घेतलं, खुंटावरची गाठ चाचपली. गाठी तिच्याच हातच्या होत्या, पण गाठीवरून जात कळत नाही. ती रोपं तिच्याकडे बघत उभी होती, पोरकी.

"ही मला सांगता येणार नाहीत," ती म्हणाली.

कारकून तिच्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "बाई, वीस इकडे, वीस तिकडे करून टाका. तीन वर्षांनी कोण विचारतंय?"

खरंच कुणी विचारलं नसतं. तोपर्यंत ती त्या दोन खोल्यांत असती, खिडकीशी. तिच्या मनात ते येऊन गेलं. नाही असं नाही. तिने बागवाल्यांकडे पाहिलं.

"ही चाळीस मला माहीत नाहीत, साहेब. तुम्ही ती वेगळी लावा. फळ धरलं की कळेल. जी चुकीची निघतील ती मी येऊन पुन्हा बांधून देईन. फांदी न फांदी. ते मी करू शकते."

"तीन वर्षांनी?"

"तीन वर्षांनी. मधेमधे येऊन बघेनही."

"आणि तोवर तुम्ही कुठे असाल?"

कलमवालीने तोंड उघडलं. खाट दिसली, पाण्याचं भांडं दिसलं, शाळेच्या बाजूची खिडकी दिसली आणि तिच्यातून येणारा पोरांचा गलका ऐकू आला.

"इथेच," ती म्हणाली.

परत येताना मुलगा म्हणाला, "आई, आपण तर जाणार होतो ना?"

"तू गाडी बघून चालव," कलमवाली म्हणाली. "आणि तिला यातलं एक अक्षर सांगायचं नाही."

सून दुसऱ्या दिवशी आली ती फाट्यापासून धावतच. वीसपैकी एकोणीस शब्द आले होते. वाक्यं तर इतकी आली की जागा पुरेना. "डॉर्मंट आला होता, आई! मी लिहिलं, हाक मारेपर्यंत झोपलेला डोळा!" रांगा रिकाम्या बघून ती थबकली. "गेली का सगळी?"

"गेली. विकली गेली," कलमवाली म्हणाली, आणि तिच्या पुढ्यात ताट ठेवलं.

दोन महिन्यांनी निकाल लागला. सून पास झाली. शाळा एका दिवसाच्या प्रवासावर होती, मागे दोन खोल्या खरोखरच होत्या. सामान बांधताना सुनेने तिघांचं बांधायला घेतलं, नवरा ट्रकच्या फेऱ्यांतून येऊन-जाऊन राहणार होता. कलमवालीने तिची फक्त एकच ट्रंक पुढे केली. आधी तू हो, आम्ही येतो मागून, असं ती चार दिवस सांगत होती. पण सून काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. फाट्यावर बस येऊन उभी राहिली आणि ती पायरीवर पाय ठेवेना.

"खरं काय ते सांगा. नाहीतर मी चढत नाही."

कंडक्टर ओरडायला लागला. कलमवालीने मग सांगितलं. पट्ट्या, बागवाले, चाळीस रोपं, तीन वर्षं. सगळं चार वाक्यांत बसलं.

सुनेचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या शब्दांपायी."

"शब्दांचं काय चुकलं? जात मी पुसली. हात माझा होता."

"कुणाला तरी दुसऱ्याला सांगता येईल बांधायला..."

"मी बोलून आलेय."

"तुमचे हात दुखतात हो आई." सून रडायला लागली होती.

"दुखतात. आणि तू गेल्यावर मला फार जड जाणार आहे, तेही आत्ताच सांगून ठेवते. घरी गेल्यावर मी रडणार आहे. पण तू चढ. तुझी तीन वर्षं त्या झाडांना द्यायची नाहीत."

म्हातारबाबाने ट्रंक उचलून बसमध्ये ठेवली. कंडक्टरने घंटी वाजवली. सून खिडकीतून काहीतरी म्हणत होती, ते धुळीत ऐकू आलं नाही. कलमवाली घरी आली आणि म्हटल्याप्रमाणे रडली. मग हात धुऊन तिने राहिलेली कलमं बांधली.

पुढचे दिवस फार शांत गेले. नदीला पाणी आलं, पंप चालू झाला, नवीन पट्ट्या आल्या. मालकाने त्या स्वतः मोजून दिल्या. महिन्यातून एकदा कलमवाली बागवाल्यांकडे जायची. ती चाळीस रोपं वेगळ्या तुकड्यात लावली होती, त्यांनी जमीन धरली होती. ती त्यांच्यामधून हिंडून यायची.

एका सकाळी मुलगा ट्रकवरून उतरला तो एक जाड पाकीट घेऊन. आत सुनेची चिठ्ठी होती आणि शाळेच्या वहीची फाडलेली चार पानं. चारही पानांवर डावीकडे एकाखाली एक शब्द लिहिले होते, देवनागरीत, आणि उजवीकडची जागा रिकामी होती. कलमवालीने चिठ्ठी उजेडाला धरून वाचायला सुरुवात केली. म्हातारबाबाला ऐकू जावं म्हणून मोठ्याने वाचत होती.

"आई, शब्दकोशातले अर्थ सांगितले की पोरं माझ्याकडे नुसती बघत बसतात. मग मी तुमचे सांगते. तुम्ही सांगितलेले आता संपले. परवा एका मुलीला अर्थ विचारला तर म्हणाली, बाई, तुमच्या आईंना विचारून सांगा ना. म्हणून हे शब्द पाठवते. माझ्या परीने काय कळलं ते मागच्या बाजूला लिहिलंय. समोर तुम्ही लिहा. लवकर पाठवा, वर्ग अडलाय."

शेवटचे दोन शब्द तिने पुन्हा वाचले.

"लिही की मग," म्हातारबाबा म्हणाला.

"बसा तुम्ही. पेन्सिल कुठे आहे?"

म्हातारबाबाने उठून पेन्सिल आणली, आणली ती टोक करूनच. कलमवालीने कोमट पाण्यात हात धरून ते पदराला पुसले, बोटं एकदा उघडमीट केली आणि पहिल्या शब्दासमोर पेन्सिल टेकवली. त्या दिवशी दुपारपर्यंत एकही कलम बांधलं गेलं नाही. मालक दोनदा येऊन बघून गेला.